लग्नघरचा घाणा

सुरुवातीलाच माफी मागतो. ज्या घरात वर्तमानपत्र फक्त फळीवर अंथरायला येतं, त्या घरातल्या मुलानं काही लिहावं आणि इतरांनी ते वाचावं, हे मलाच जरा जास्त वाटतं. आमच्याकडे दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आई गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते, बाबा संत्र्याच्या बागांत फवारणीला जातात. मला लिहिता येतं ते परीक्षेपुरतं, मुद्दे पाडून. इथे मुद्दे पाडता येत नाहीत. ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो मला नीट दिवसासारखा आठवतही नाही. उन्हाळ्यात दुपारी झोप लागते, जाग आली तरी अंग उचलत नाही आणि बाहेरचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येतात, तसा तो आठवतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

आमचं गाव सोनाळ्याहून जळगाव जामोदकडे जाताना लागतं. उत्तरेला सातपुडा. उन्हाळ्यात तो डोंगर वाटतच नाही. कुणी निळ्या शाईचं बोट पुसून ठेवावं तसा आभाळाच्या कडेला असतो आणि दुपारी तोही विरून जातो. पाणी खारं. गावाच्या टोकाला एक भट्टी होती, आणि भट्टीवाले चाचा पावाच्या पिठात मीठ घालत नसत. "पानी में ही डला हुआ है," म्हणायचे. पाव तरी बरोबर लागायचा. बाहेरगावी पाव खाल्ला की मला तो कुणी दुसऱ्याच्या घरचा वाटायचा.

चाचा उत्तर प्रदेशातले. माझ्या जन्माआधी आले, भट्टी बांधली आणि राहिले. पाव, टोस्ट, खारी रोजची. पण गावाचं त्यांच्याशी खरं नातं होतं ते घरच्या सामानाचं. दिवाळीच्या आधी, लग्नाच्या आधी बायका आपापला रवा, मैदा, साखर, तूप डब्यात घेऊन भट्टीवर जायच्या. चाचा तिथेच मळून द्यायचे, बायका आणि पोरं गोळे करून पत्र्यांवर मांडायची, आणि आपला पत्रा ओळखता यावा म्हणून कोपऱ्यातल्या बिस्किटावर कुणी बोटाचा ठसा, कुणी बांगडीचा काठ उमटवायची. एका वेळी भट्टीत जातील तेवढे पत्रे म्हणजे एक घाणा. मळायची आणि भाजायची मजुरी चाचांना मिळायची. वास सगळ्या गावाला फुकट.

लग्नघरचा घाणा मात्र वेगळा. त्यात दुसऱ्या कुणाचा पत्रा ठेवायचा नाही. नवरीची आई आधी भट्टीच्या तोंडाशी हळदीकुंकू वाहायची, नारळ ठेवायची. चाचा हात पुसत बाजूला उभे राहायचे आणि "करो भाभी, आराम से करो," म्हणायचे. मग झाकण लागलं की लग्नघरचे सगळे पत्रे निघेपर्यंत भट्टीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मध्येच मोडता घातला तर नवरीच्या संसारात खोट येते, असं बायका मानत. हे कुणी ठरवलं, विचारू नका. चाचांच्या आधी गावात भट्टीच नव्हती, तेव्हा रीतही त्यांच्याएवढीच जुनी असणार. पण आमच्या गावात एखादी गोष्ट दोन पोरींच्या लग्नात झाली की ती पूर्वापार होते.

चाचांची मुलगी माझ्या वर्गात होती. बी.ए.चं शेवटचं वर्ष. जळगाव जामोदच्या कॉलेजला आम्ही एकाच एसटीनं जायचो. ती पुढे बायकांत, मी मागे. तिच्या घरातही तीच पहिली. आमच्यात फार बोलणं नव्हतं, पण दोघांनाही घरून एकच प्रश्न असायचा, की हे संपल्यावर काय, आणि दोघांनाही उत्तर ठाऊक नव्हतं. चाची मात्र उत्तराची वाट न बघता सगळ्यांना सांगून ठेवायची, "हमारी वाली ग्रेजुएट हो रही है." होणार आहे असं नाही. हो रही है. जणू तीही भट्टीत होती आणि रंग चढत होता.

चाचीची मोठी बहीण लग्न होऊन कराचीला गेलेली, फार वर्षांपूर्वी. तिचा व्हिडिओ कॉल यायचा तो बहुधा दुपारी, भट्टीवर बायका गोळे करत बसलेल्या असताना. चाची मोबाइल मैद्याच्या डब्याला टेकवून ठेवायची. मग आमच्या गावच्या बायका तिकडच्या बाईशी बोलायच्या.

"काय भाव हाय तुमच्याकडे टमाट्याचा?" आई विचारायची.

चाची तो प्रश्न हिंदीत करून द्यायची. तिकडून उत्तर यायचं. आई म्हणायची, "बाप्पा, मंग आमचंच बरं." सगळ्या हसायच्या, ती बाईसुद्धा. तिच्या मागे एक खिडकी दिसायची, खिडकीत पांढरा उजेड. आपल्यासारखंच ऊन आहे तिकडे, असं मला वाटायचं.

त्या वर्षी इतिहासाच्या पेपरला पहिलं महायुद्ध होतं. सरांनी एकदा पुस्तक बाजूला ठेवून सांगितलं, की लढाईच्या काळात इंग्लंडात जर्मन माणसांची दुकानं लोकांनी फोडली. त्यात बरेच पाववाले होते. कित्येक वर्षं तिथेच राहिलेले, तिथल्याच बायका केलेले. जमावातले लोक त्याच गल्लीतले होते, रोजचे गिऱ्हाईक. पिठाची पोती रस्त्यावर ओतली, घरातलं सामान खिडकीतून खाली टाकलं. वर्गात पंखा फिरत होता. बहुतेकजण पेंगत होते. चाचांच्या मुलीनं हात वर केला.

"सर, त्या दिवशी भट्टीत जे पाव होते, त्यांचं काय झालं?"

सर म्हणाले, "बहुतेक लोकांनी नेले असतील. नक्की मला माहीत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "भट्टीवालीले पावाचीच काळजी." वर्ग हसला, तीही हसली. मला मात्र त्यानंतर बरेच दिवस तो रस्ता दिसायचा. मी इंग्लंड पाहिलेलं नाही, त्यामुळे तो रस्ता आमच्याच गावाचा असायचा, फक्त त्यावर बर्फासारखं पीठ पडलेलं आणि माणसं त्यातून आवाज न करता चाललेली.

मग आमच्याकडे लढाईचे दिवस आले. लढाई सीमेवर होती, पण टीव्हीवर ती चोवीस तास आमच्या घरात होती. आमची परीक्षा चालू होती. तीन पेपर झाले होते, दोन राहिले होते. माझ्या ताईचं लग्न आठवड्यावर आलं होतं. टीव्हीवर मोठ्या शहरांत संध्याकाळी दिवे घालवतात ते दाखवलं, आणि आमच्या गावानंही दिवे घालवायचं ठरवलं. तसं कुणीच सांगितलं नव्हतं. एरवी लाईट गेली की महावितरणला शिव्या घालणारे लोक त्या संध्याकाळी आपणच बटणं बंद करून ओट्यावर बसले. छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू. सगळं निळं, डोंगर जवळ आल्यासारखा. लहान पोरं कुजबुजत होती.

फक्त गावाच्या टोकाला भट्टीच्या धुराड्यावर तांबूस उजेड होता. लाकडावरची भट्टी बटणानं बंद होत नाही. एकदा थंड पडली की पुन्हा तापायला दोन दिवस लागतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या निळ्या अंधारात ते कुणाला आठवलं नाही.

"पाय बे, कसा लाल दिसून राह्यला," ओट्यावरचा एकजण म्हणाला.

"वरून इमानाले दिसत असन का थो?"

"दिसत असन म्हंजे? त्याच्यासाठीच तं ठेवला."

आणि कुणीतरी म्हणालं, की त्याची साळी कराचीत आहे. हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण त्या संध्याकाळी ते पहिल्यांदाच समजल्यासारखं लोकांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई, मी आणि शेजारच्या दोन काकू रुखवताच्या बिस्किटांचं सामान घेऊन भट्टीवर गेलो. रुखवत म्हणजे नवरीकडचं मांडून ठेवायचं खाणं. आमच्याकडे त्यात भट्टीची नानकटाई असलीच पाहिजे. आईनं हळदीकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. चाचांनी पहिले पत्रे आत सारले, झाकण लावलं. चाची पुढच्या पत्र्यांवर गोळे मांडत होती. तिनं सकाळपासून मोबाइल बंद ठेवला होता. मुलगी आतल्या खोलीत वाचत बसली होती.

मग ते आले. पंधरा-वीस असतील, हळूहळू जास्त झाले. सगळे ओळखीचे. पुढे होता तो गावातला डीजेवाला. ताईच्या लग्नाला त्याचाच डीजे ठरला होता. कुणाच्या हातात सब्बल, म्हणजे पहार, कुणाकडे काठी. मला आठवतं ते ऊन. इतकं पांढरं ऊन होतं की त्यांचे चेहरे आधी दिसलेच नाहीत, सावल्याच दिसल्या.

डीजेवाल्यानं आईला पाहिलं आणि तो जरा अडखळला. "काकू, तुमचे डबे घेऊन घ्या. आमाले हे आज बंद करनं हाय."

"काऊन?" आई म्हणाली.

"तुमाले समजत नाई. देशाचा मामला हाय."

"थे असन," आई म्हणाली. "पन लग्नघरचा घाना आत हाय. मधात काढत असते का कोनी?"

तो मागे वळून पाहायला लागला. मागच्यांतही चुळबुळ झाली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मान हलवली. "नाई बाप्पा, घाना निघू दे. पोरीचं लग्न हाय."

"किती वेळ लागते?" डीजेवाल्यानं विचारलं. आईला नाही, चाचांना. दुकानात गिऱ्हाईक विचारतं तसं.

"ये वाला बीस मिनट," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. हातात मात्र झाकणाचा दांडा धरलेला होता, तो त्यांनी सोडला नाही.

आई भट्टीच्या दारात आडवी बसली. लग्नघरात पाट मांडून बसते तशी, पाय पसरून, पदर नीट करून. मग ती मला म्हणाली, "तूप कमी पडते. घरून आन. आन् चाचीले संगं घेऊन जाय, तिले समजते कोनतं आनाचं थे. पोरीलेही ने, डबे उचलाले."

तूप कमी नव्हतं. भरलेला डबा माझ्या पायाशी होता. मी आईकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. चाची उठली. तिनं डोक्यावरून ओढणी घेतली, आत जाऊन मुलीला बाहेर आणलं. मुलीच्या खांद्याला कॉलेजची बॅग होती. जमावातल्या दोघांनी बाजूला होऊन आम्हाला वाट दिली. एकजण तर म्हणाला, "लवकर या नं तूप घेऊन." थट्टा होती की खरंच, ते मला अजून कळत नाही.

आमच्या घराकडे वळायच्या ऐवजी मी मागच्या संत्र्याच्या बागेत शिरलो. बाबा तिथे कामाला जायचे, वाट पायाखालची होती. बागेत थंड होतं. झाडांखाली पाण्याची आळी भरलेली, त्यात ऊन तुकड्या-तुकड्यांनी पडलेलं. मागून काहीच आवाज येत नव्हता आणि तेच भीतीदायक होतं. चाची चालता चालता एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. "इसके दो पर्चे बाकी हैं. दो ही पर्चे बाकी हैं."

मुलगी म्हणाली, "अम्मी, चुप रहो ना." मग मला विचारलं, "सरांनी इम्पॉर्टंट काय काय काढून देल्लं रे?"

मी सांगत गेलो. व्हर्सायचा तह, राष्ट्रसंघ, रशियन क्रांतीची कारणं. ती मान हलवत ऐकत होती. आपण एसटीत आहोत असंच वाटत होतं मला. रस्ता आला, खामगावची गाडी आली, मी हात केला. त्या चढल्या. चाचीनं खिडकीतून म्हटलं, "तेरे चाचा को बोल, जलंब स्टेशन पे हैं." गाडीनं उडवलेली धूळ बराच वेळ तिथेच, माझ्यासमोर, उभी राहिली.

पुढचं मी आईकडून आणि काकूंकडून ऐकलेलं आहे. पहिला घाणा निघाला तेव्हा आईनं एक बिस्कीट मोडून पाहिलं आणि कच्चं आहे म्हणाली. पत्रे पुन्हा आत गेले. मग ती म्हणाली, व्याही मोठे आहेत, एवढ्यात भागायचं नाही, अजून एक घाणा लागेल. चाचांनी पुन्हा मैदा मळला. जमाव निंबाच्या सावलीत बसला. कुणी पाणी मागितलं, चाचांनी माठाकडे बोट दाखवलं, त्यांनी ते प्यायलं.

"काकू, उठा नं आता," डीजेवाला मधून मधून म्हणायचा.

"लग्न तुयं हाय का माया पोरीचं?"

"आमाले बी काम हाय, काकू."

"मंग जाय नं. कोनी धरलं तुले?"

काही हसले म्हणतात. काही खरंच उठून घरी गेले. पण सगळे गेले नाहीत. शेवटचे पत्रे निघाले, चाचांनी बिस्किटं गार करून डब्यांत भरली, डब्यांची झाकणं लावली, एकेक डबा काकूंच्या हातात दिला. आणि आईला उठावं लागलं, कारण आता काही उरलं नव्हतं. ती डबा घेऊन उभी राहिली, तेवढ्यात पहिली सब्बल भट्टीच्या कमानीवर पडली. मैद्याची पोती फाडून बाहेर ओतली. चाचा आडवे गेले तेव्हा त्यांच्या खांद्यावर आणि डाव्या हातावर काठ्या बसल्या. पोलिसांची गाडी आली तेव्हा ते पिठात बसलेले होते. पोलिसांनी त्यांना गाडीत घातलं. मी परत पोचलो तर भट्टीच्या जागी तापलेल्या विटांचा ढीग होता, त्यातून वाफ निघत होती, आणि रस्ता पांढरा. वर्गात बसून मी जसा पाहिला होता तसाच, फक्त तिथे माणसं बोलत होती. चाचांना निरोप द्यायला मी संध्याकाळी ठाण्यापर्यंत गेलो. तिथे कळलं की त्यांना दवाखान्यात नेलंय, आणि दवाखान्यात कळलं की ते पट्टी करून कधीच निघून गेलेत.

राहिलेले दोन पेपर मी दिले. माझ्या पुढचा बाक रिकामा होता. तास झाल्यावर गैरहजरांची नोंद करतात, तेव्हा पर्यवेक्षकांनी त्या बाकाजवळ थांबून विचारलं, "ही आली नाही का?" मी मान हलवली. चाचीचा मोबाइल लावला तर तो बंद. जलंब स्टेशनवर ते तिघं एकमेकांना भेटले की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता.

ताईचं लग्न झालं. डीजे वाजला. रुखवतातली नानकटाई पाहून वराकडच्या एका बाईनं विचारलं, "कोन्या भट्टीची हो?"  आई म्हणाली, "आमच्या गावच्या."

मग पावसाळा गेला. गावात आता खामगावहून पाकिटातला पाव यायला लागला. लोक चाचांचा विषय निघाला की म्हणायचे, "गेला बिचारा. चांगला मानूस होता." पाहुणा आपण होऊन उठून गेला असावा असा तो सूर. कुणी म्हणे सुरतेला आहेत, कुणी म्हणे बऱ्हाणपूरला, कुणी म्हणे त्यांचा तो हात गेला. दिवाळीच्या तोंडावर बायका रव्याचे डबे काढून बसल्या आणि मग त्यांना आठवलं. सोनाळ्याला नेऊ म्हणत होत्या, कुणी नेले नाहीत. मीही आईला एकदा विचारलं, की त्या दिवशी तू मुद्दाम बसली होतीस ना.

"मी तं बिस्किटासाठीच बसली होती," ती म्हणाली. "तुले तूप आनाले धाडलं होतं. आनलंच नाई तू."

पण मी खामगावला एम.ए.ला जायला लागलो तेव्हापासून ती रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत विचारायची, "काई समजलं का?" तिला काय विचारायचं आहे ते मी कधी विचारलं नाही. मी "नाई" म्हणायचो. ती चहा ठेवायची.

मला या काळात पुष्कळदा एक स्वप्न पडायचं. परीक्षेचा हॉल संत्र्याच्या बागेत आहे, आळ्यांत पाणी आहे, आणि सगळे लिहीत आहेत. ती उशिरा येते. पर्यवेक्षक तिला आत घेतात की नाही, तिथे येऊन मला नेहमी जाग यायची.

या फेब्रुवारीत मी काही कागद आणायला जुन्या कॉलेजात गेलो होतो. ऑफिस उघडायचं होतं. व्हरांड्यात शिपाईकाका बसले होते, परीक्षेत सगळ्यांना पाणी देणारे. मला पाहून त्यांनी बाजूला सरकून जागा केली.

"तुयाच गावची ना थे पोरगी? भट्टीवाल्याची?" ते म्हणाले. "हिवाळी परीक्षेले येऊन गेली. तुले माईत नाई?"

मी नाही म्हणालो. त्यांच्या शेजारी बसलो.

"दोनी पेपर देल्ले. बाप सोबत होता. बऱ्हानपूरच्या गाडीनं येत, त्याच गाडीनं जात. पेपरभर बाहेर त्या बाकावर बसून राहे. हात जरासा वाकडा दिसला. तिकडं कोन्या भट्टीवर रोजानं हाय म्हने. म्हनलं, इथवर आले तं गावात जाऊन या, किती लांब हाय? तं म्हने, नाई भाई, गाड़ी का टैम हो जाएगा." काकांनी खिशातून तंबाखू काढली, मळली. "निकाल लागला मागच्या हप्त्यात. मी पाह्यला. दोनी निघाले तिचे. पास झाली."